पहिल्या काचेच्या टाकीत मासे कोणते आणि किती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उष्ण कटिबंधातील गोड्या पाण्याचे शोभिवंत मासे घरी प्रथमच ठेवू पाहणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. उदाहरणांसाठी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी टाकी गृहीत धरली आहे, कारण आपल्याकडे पहिली टाकी बहुधा याच मापाची घेतली जाते.

टाकी आणि मासे एकाच दिवशी आणले तर काय बिघडते?

मासे कल्ल्यांवाटे आणि विष्ठेतून पाण्यात सतत अमोनिया सोडत असतात. उरलेले खाद्य कुजले की त्यात आणखी भर पडते. अमोनिया माशांचे कल्ले जाळतो. जुन्या, बसलेल्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर दोन प्रकारचे जीवाणू वाढलेले असतात. त्यांपैकी नायट्रोसोमोनास गटातले जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि नायट्रोस्पायरा गटातले जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच असते, कारण ते माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती काढून घेते. नायट्रेट मात्र मर्यादेत असेल तर मासे सहन करतात आणि आठवड्याला थोडे पाणी बदलले की ते कमी होते. नव्या टाकीत हे जीवाणू नसतात. ते पुरेसे वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस त्यात सोडलेले मासे स्वतःच्याच विषात राहतात.

माझ्या पहिल्या टाकीत दुकानदाराच्या सांगण्यावरून मी त्याच संध्याकाळी बारा मासे सोडले होते. पाचव्या दिवशी सकाळी दिवा लावला, तेव्हा सगळे मासे पृष्ठभागाला तोंड लावून भराभर श्वास घेत होते आणि कल्ल्यांच्या कडा लालभडक झाल्या होत्या. आठवडा संपेपर्यंत तीन उरले. पाणी मात्र शेवटपर्यंत नितळ होते. टाकीच्या मागची भिंतीवरची दिनदर्शिका त्यातून वाचता येत होती. अमोनियाला रंग नसतो आणि इतक्या कमी प्रमाणात त्याला वासही येत नाही, त्यामुळे पाणी डोळ्यांनी पारखता येत नाही, हे मला त्या आठवड्यात कळले.

मग माशांशिवाय टाकी तयार कशी करायची, आणि ती तयार झाली हे ओळखायचे कसे?

टाकीत क्लोरीन काढलेले पाणी भरून फिल्टर दिवसरात्र चालू ठेवावा आणि जीवाणूंना खाद्य म्हणून बाहेरून अमोनिया पुरवावा. चिमूटभर माशांचे खाद्य रोज टाकून ते कुजू देणे हा एक मार्ग आहे, पण त्यात प्रमाण हाती राहत नाही. त्याहून नेमका मार्ग अमोनियम क्लोराइडचा. भांड्यांना कल्हई करताना वापरतात तो नवसागर म्हणजे हाच क्षार होय. परंतु बाजारातला नवसागर शुद्ध असेलच असे नाही, म्हणून प्रयोगशाळेला रसायने पुरवणाऱ्या दुकानातून थोडा शुद्ध क्षार आणावा. ५० लिटर पाण्यात सुमारे ०.३ ग्रॅम क्षार टाकला की लिटरमागे साधारण २ मिलिग्रॅम अमोनिया तयार होतो, आणि तेवढा पुरतो.

यानंतर थेंबांच्या चाचणीसंचाने दोन-तीन दिवसांआड पाणी तपासावे. आधी अमोनिया वाढलेला दिसतो, मग तो उतरू लागतो आणि नायट्राइट चढते, शेवटी नायट्राइटही उतरून नायट्रेट दिसू लागते. त्यानंतर पुन्हा ०.३ ग्रॅमची मात्रा टाकून पाहावी, आणि ती टाकल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की टाकी तयार झाली असे समजावे. मासे आणण्याच्या आदल्या दिवशी निम्म्याहून अधिक पाणी बदलावे, म्हणजे साठलेले नायट्रेट कमी होते.

ओळखीतल्या कोणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला वापरलेला स्पंज मागून घ्यावा आणि ओलाच आपल्या फिल्टरमध्ये बसवावा. त्याने हा काळ बराच कमी होतो. नवख्या माणसाला यापेक्षा मोलाची भेट दुसरी नाही, आणि देणाऱ्याला तिचा एक पैसाही खर्च येत नाही.

माझ्याकडे टीडीएस मोजण्याचे पेन आहे. तेवढे पुरेल का?

पुरणार नाही. ते पेन पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देते. त्यात अमोनिया किती आहे, हे त्याला वेगळे सांगता येत नाही. १५० चा आकडा दाखवणाऱ्या पाण्यात मासे सुखात असू शकतात आणि त्याच आकड्याच्या पाण्यात ते मरतही असू शकतात. पहिल्या खर्चात शोभेचा धबधबा किंवा बुडबुडे सोडणारी पेटी वगळावी आणि त्या पैशांत अमोनिया व नायट्राइटची चाचणी घ्यावी.

दोन फुटांच्या टाकीत नेमके किती मासे राहू शकतात?

या मापाची टाकी काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे ५६ लिटर पाणी मावते. खडी, दगड आणि वर सोडलेली मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्षात ४५ ते ४८ लिटरच उरते. चार-पाच सेंटिमीटरपर्यंत वाढणारे दहा ते पंधरा लहान मासे, चांगला फिल्टर, जिवंत वनस्पती आणि नियमित पाणीबदल, ही माझ्या मते तिची वरची मर्यादा आहे. पहिल्या वर्षी शक्यतो दहाच ठेवावेत.

गॅलनमागे एक इंच मासा हे सूत्र अनेक ठिकाणी सांगितले जाते, त्यावर भिस्त ठेवू नये. माशाची लांबी दुप्पट झाली की त्याचे वजन सुमारे आठपट होते, आणि तो खातो व घाण करतो ते वजनाच्या हिशेबाने. एक-एक इंचाचे दहा टेट्रा आणि दहा इंचांचा एक ऑस्कर सूत्रानुसार सारखे ठरतात. पण या टाकीत ऑस्करला धड वळताही येणार नाही. आणखी एक गोष्ट अशी, की दुकानात दिसणारा मासा बहुतेक वेळा पिल्लू असतो. हिशेब पूर्ण वाढलेल्या माशाचा करावा.

यापेक्षा लहान टाकी किंवा काचेचा गोल बाउल चालेल का?

गोल बाउल कोणत्याच माशासाठी घेऊ नये. टाकी जितकी लहान तितकी चूक लवकर भोवते: पाच लिटरच्या भांड्यात खाद्याचे चार दाणे जास्त पडले तरी पाणी बिघडते, पन्नास लिटरमध्ये तेवढी चूक पचते. जागा आणि ऐपत असेल तर तीन फुटांची टाकी नवशिक्याला अधिक सोपी जाते. मात्र एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हे लक्षात ठेवून टाकीखालचे टेबल पारखून घ्यावे.

आमच्याकडचे पाणी जड आहे. त्यात कोणते मासे राहतील?

माशांची यादी करण्याआधी हा प्रश्न पडला, याचा मला आनंद वाटतो. शाळेच्या पुस्तकांत ज्याला दुष्फेन पाणी म्हणतात तेच हे जड पाणी: साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, नळाच्या तोटीवर आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो. मराठवाडा, विदर्भ आणि पुण्याच्या उपनगरांतल्या अनेक बोअरवेलचे पाणी असे असते. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या जलाशयांतून येणारे पाणी त्या मानाने मृदू असते, आणि कोकणात जांभ्याच्या जमिनीतल्या विहिरींचे पाणीही बहुधा मृदूच असते.

गप्पी, प्लॅटी, स्वोर्डटेल आणि मॉली हे पिल्ले घालणारे मासे जड, किंचित अल्कधर्मी पाण्यात उत्तम वाढतात. मॉलीला तर तेच लागते. मृदू पाण्यात ती पंख मिटून एका जागी डोलत राहते. याउलट निऑन टेट्रा हा मूळचा ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातल्या मृदू, किंचित आम्ल पाण्याचा मासा आहे. मत्स्यशेतीत वाढवलेले निऑन मध्यम पाण्यात जगतात, पण अतिशय जड पाण्यात त्यांच्यावर पैसे घालवू नयेत. आपल्या नळाच्या पाण्यात जो मासा आपणहून खूश राहतो तोच निवडावा. मासा आधी आवडला म्हणून पाणी बदलत बसण्याचा आटापिटा नवख्याच्या हातून फार दिवस निभत नाही.

मग आरओचे पाणी भरले तर?

फक्त आरओचे पाणी वापरू नये. त्यात माशांना लागणारे क्षार जवळजवळ उरत नाहीत, आणि क्षारांअभावी पाण्याचा सामू एकाएकी घसरू शकतो. फारच जड पाण्यात थोडे आरओचे पाणी मिसळता येते, पण मग प्रत्येक पाणीबदलाला तेच प्रमाण कायम ठेवण्याची तयारी हवी.

नगरपालिकेच्या पाण्यातल्या क्लोरीनचे काय करावे?

ते पाणी पसरट तोंडाच्या बादलीत २४ तास उघडे ठेवावे, किंवा दुकानात क्लोरीन काढण्यासाठी मिळणारे थेंब बाटलीवरच्या प्रमाणात वापरावेत. त्या थेंबांत बहुधा सोडियम थायोसल्फेट असते. हे फक्त माशांसाठी करायचे असे समजू नये, कारण क्लोरीनने फिल्टरमधले जीवाणूही मरतात. त्याच कारणाने फिल्टरचा स्पंज कधीही नळाखाली धुऊ नये. पाणी बदलताना टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलकेच पिळावा.

सुरुवातीला नेमके कोणते मासे घ्यावेत? एखादी यादी द्याल का?

दोन याद्या देतो, कारण पाणी दोन प्रकारचे असते.

जड पाण्याच्या घरात सहा नर गप्पी, चार नर प्लॅटी आणि काचेवरचे शेवाळ खाणाऱ्या दोन नेराइट गोगलगाई, एवढ्याने ही टाकी भरलेली दिसते. सगळे नर घेण्याचे कारण पुढे पिल्लांच्या प्रश्नात येईलच. रंग नरांनाच अधिक असतात, त्यामुळे शोभेतही काही उणे राहत नाही.

मृदू किंवा मध्यम पाणी असेल तर मधल्या थरात आठ हार्लेक्विन रास्बोरा किंवा आठ निऑन, तळाशी सहा लहान जातीचे कोरीडोरस आणि सर्वांत शेवटी एक हनी गोरामी, अशी रचना मला सर्वांत समाधानाची वाटते. कोरीडोरस तळाची रेती तोंडात घेऊन कल्ल्यांतून बाहेर सोडतो आणि त्यात खाद्य शोधतो. धारदार खडीवर त्याच्या मिशा झिजून जातात, म्हणून तो ठेवायचा असेल तर गुळगुळीत बारीक रेतीच घालावी. हनी गोरामी हा आपल्या उपखंडातला मासा आहे. पुढचे दोन लांब, दोऱ्यासारखे पंख तो हातांसारखे पुढे करून वाटेतली प्रत्येक वस्तू चाचपत जातो. एकदा आमच्या टाकीत मी नवीन लाकूड ठेवले, तेव्हा त्याने जवळजवळ पाऊण तास त्याची प्रत्येक खाच दोऱ्यांनी तपासली आणि मगच तो त्याखाली जाऊन विसावला.

निऑनऐवजी चेरी बार्बही उत्तम. तो मूळचा श्रीलंकेचा असून स्वभावाने गरीब आहे. जेब्रा डॅनियो तर भारत, नेपाळ, बांगलादेशाचाच. तो काटक आहे, तापमानातले चढउतार सहन करतो, फक्त त्याला पोहायला लांबी आणि टाकीला झाकण हवे, कारण तो उडी मारतो.

कळपातले मासे सहापेक्षा कमी कधीही घेऊ नयेत. प्रत्येक रंगाची एक-एक जोडी हवी, हा आग्रह मुले धरतात आणि दुकानदारही पुरवतो. पण दोनच निऑन ठेवले तर ते वनस्पतींमागे दडून राहतात, रंग फिका पडतो आणि हळूहळू खाणेही सुटते. एकच जात आठच्या संख्येने घेतली, तर तेच मासे टाकीभर निर्धास्त फिरतात.

दुकानात नेहमी दिसणारे, पण पहिल्या टाकीत नको असे मासे कोणते?

हे उत्तर लांबेल, कारण सर्वाधिक नुकसान इथेच होते.

शार्क या नावाने विकला जाणारा, चंदेरी-करड्या रंगाचा चपळ मासा प्रत्यक्षात मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांमधला पंगस आहे. तो एक मीटरहून अधिक वाढतो. उपाहारगृहांत बासा म्हणून येणारा मासा बहुतेक वेळा हाच असतो. दोन फुटांच्या टाकीत तो घाबरून काचेवर आदळत राहतो.

सकर, म्हणजे काच साफ करणारा मासा, हा जवळजवळ प्रत्येक नव्या टाकीबरोबर दिला जातो. दुकानातला तीन इंचांचा सकर दीड फुटापर्यंत वाढू शकतो आणि जेवढे शेवाळ खातो त्याहून कितीतरी अधिक विष्ठा टाकतो. मोठा झाला की लोक तो तळ्यात किंवा नदीत सोडून देतात. दक्षिण अमेरिकेतून आलेला हा मासा आज उजनीसारख्या जलाशयांत पसरला आहे. त्याच्या काटेरी, खवलेकवचाच्या अंगाने मच्छिमारांची जाळी फाटतात आणि त्याला बाजारात भाव नाही. घरातला कोणताही मासा विहिरीत, ओढ्यात किंवा धरणात सोडू नये, ही माझी वाचकांना हात जोडून विनंती आहे. नकोसा झालेला मासा दुकानात परत द्यावा किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याकडे सोपवावा.

गोल्डफिश हा थंड पाण्याचा, भरपूर घाण करणारा आणि नीट ठेवला तर दहा वर्षांहून अधिक जगणारा मासा आहे. उष्ण पाण्याच्या माशांबरोबर त्याची सोय लागत नाही. ऑस्कर फूटभर वाढतो आणि तोंडात मावेल ते खातो. फ्लॉवरहॉर्नला एकट्यालाच ठेवावे लागते. एंजल दिसायला शांत असला तरी पूर्ण वाढल्यावर निऑन गिळतो, आणि त्याच्या उभ्या पंखांसाठी किमान दीड फूट उंचीची टाकी लागते. टायगर बार्ब कमी संख्येत ठेवले तर गप्पी आणि गोरामीचे पंख कुरतडतात.

इंजेक्शनने किंवा रंगात बुडवून रंगवलेले मासे तर घेऊच नयेत. आपल्याच नद्यांतल्या पारदर्शक ग्लासफिशच्या अंगात सुईने रंग भरला जातो. त्यात अनेक मासे मरतात, उरलेले रोगांना लवकर बळी पडतात आणि रंग काही महिन्यांत उतरतो. असा मासा कोणी विकत घेतलाच नाही, तर तो रंगवलाही जाणार नाही.

वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे ठेवायला सांगितले आहे. काय करावे?

घरच्यांच्या श्रद्धेचा मान राखूनही यातून मार्ग निघतो. नऊ गोल्डफिशसाठी तीनशे-चारशे लिटरची टाकी लागेल. दोन फुटांत ते महिनाभरही धड राहणार नाहीत, आणि ज्या शुभासाठी ते आणले त्याच्या जागी घरात रोज मेलेला मासा दिसेल. आठ सोनेरी प्लॅटी आणि एक काळी प्लॅटी घेतली तर आकडाही साधतो, रंगही साधतात आणि मासेही जगतात. अनेक घरांत मी हाच तोडगा सुचवला आहे आणि वडीलधाऱ्यांनी तो आनंदाने मान्य केला आहे.

फायटर मासा इतरांबरोबर ठेवता येतो का?

दोन नर फायटर कधीही एकत्र ठेवू नयेत. एक नर शांत कोरीडोरसबरोबर राहू शकतो. लांब शेपटीचे गप्पी आणि गोरामी मात्र त्याला प्रतिस्पर्धी वाटतात. तो पृष्ठभागावर येऊन हवेतला प्राणवायू घेऊ शकतो, म्हणून दुकानात पेल्याएवढ्या बरणीत तग धरतो, आणि त्यावरून त्याला एवढीच जागा लागते असा समज झाला आहे. त्याला किमान २० लिटर पाणी, मंद फिल्टर आणि २५ अंशांहून अधिक ऊब हवी. थायलंडने २०१९ मध्ये या माशाला राष्ट्रीय जलचराचा मान दिला.

मिस केरळ हा आपल्या सह्याद्रीतला मासा पहिल्या टाकीत ठेवावा का?

ठेवू नये. लाल-काळ्या पट्ट्यांचा हा देखणा मासा केरळातल्या वेगवान, प्राणवायूने भरलेल्या नद्यांत राहतो, कळपाने पोहतो आणि त्याला चार फुटांची टाकीही कमीच पडते. शोभेच्या व्यापारासाठी नद्यांतून झालेल्या बेसुमार पकडीमुळे तो संकटग्रस्त ठरला आहे. २०१३ मध्ये त्याच्यासाठी जी स्वतंत्र प्रजाती (genus) मांडली गेली, तिचे नाव सह्याद्रीवरून सह्याद्रिया असे ठेवले आहे. अनुभव आल्यावर, मोठ्या टाकीत आणि मत्स्यशेतीत वाढवलेलाच घ्यावा.

महाराष्ट्रात हीटर खरोखर लागतो का?

मुंबई आणि कोकणात बहुधा लागत नाही. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूर येथे थंडीच्या रात्री लागतो, कारण दिवसा २६ आणि पहाटे १८ अंश असा झोका माशांना थंडीपेक्षाही अधिक जाचतो आणि अंगावर पांढरे ठिपके येण्याचा रोग अशाच दिवसांत बळावतो. लिटरमागे साधारण एक वॅट या हिशेबाने ५० वॅटचा हीटर पुरतो. तो बंद करून दहा-पंधरा मिनिटे थांबल्याशिवाय पाणी उपसू नये, नाहीतर काच तडकते.

विदर्भात आणि मराठवाड्यात खरी काळजी उन्हाळ्याची असते. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३३ अंशांना तो ७.२ पर्यंत उतरतो, आणि त्याच वेळी माशाच्या शरीराची गरज वाढलेली असते. झाकण काढून जाळी बसवावी, पृष्ठभागावरून लहान पंख्याचा वारा सोडावा, एअर पंप चालू ठेवावा आणि खाद्य कमी करावे. बर्फाचे तुकडे थेट टाकू नयेत. वीज जाण्याचे प्रमाण जास्त असेल, तर बॅटरीवर चालणारा एअर पंप आधीच घेऊन ठेवावा. कोरीडोरसला फार ऊब सोसत नाही, म्हणून नागपूरच्या वाचकांना मी गप्पी, प्लॅटी किंवा डॅनियो सुचवीन.

दुकानात मासा कसा पारखावा?

दुकानात गेल्यावर पाकीट बाहेर काढण्याआधी दहा मिनिटे नुसते उभे राहून पाहावे. त्या टाकीत मेलेला मासा आहे का, कोणी खडीला अंग घासतो का, अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके आहेत का, पंख मिटलेले आहेत का, पोट खपाटीला गेले आहे का, हे बघावे. मग दुकानदाराला थोडे खाद्य टाकायला सांगावे. जो मासा खाद्यावर झेपावत नाही तो घेऊ नये. आपल्याकडच्या दुकानांतले पुष्कळ मासे कोलकाता आणि चेन्नई परिसरातून पिशव्यांत बंद होऊन येतात आणि प्रवासाने थकलेले असतात. माल कधी आला हे विचारावे, आणि तो कालच आला असेल तर आठवड्याने परत जावे. एका टाकीतला एक जरी मासा आजारी दिसला, तरी त्या टाकीतला कोणताच मासा घेऊ नये.

घरी आणल्यावर मासे टाकीत कसे आणि कोणत्या क्रमाने सोडावेत?

दिवा बंद करून पिशवी १५ मिनिटे टाकीत तरंगू द्यावी, मग दर पाच मिनिटांनी अर्धी वाटी टाकीचे पाणी पिशवीत घालावे, आणि अर्ध्या तासाने मासे जाळीने उचलून टाकीत सोडावेत. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. जमत असेल तर नवे मासे आधी दोन-तीन आठवडे २० लिटरच्या प्लॅस्टिकच्या टबात, स्पंज फिल्टर लावून, वेगळे ठेवावेत.

एका वेळी तीन-चार, फार तर सहा मासे आणावेत आणि पुढची खेप दोन आठवड्यांनी, चाचणीत अमोनिया व नायट्राइट शून्य दिसल्यावरच आणावी. काटक आणि कळपातले मासे आधी सोडावेत. गोरामी किंवा फायटरसारखा हद्द राखणारा मासा सर्वांत शेवटी, कारण तो आधी आला तर सगळी टाकी आपली समजतो.

गप्पींना पिल्ले झाली तर काय करायचे?

मादी साधारण चार आठवड्यांनी एकेका खेपेस वीस-पंचवीस, कधी त्याहूनही अधिक पिल्ले देते, आणि एकदा नराशी संग झाला की पुढचे काही महिने नर नसतानाही देत राहते. दोन माद्यांपासून वर्षभरात टाकी ओसंडून जाते, म्हणून मी नरच घ्यायला सांगितले. मादी हवीच असेल तर एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्यात, म्हणजे नरांचा पाठलाग एकाच मादीला जाचणार नाही. जास्तीचे गप्पी डासांच्या अळ्या खाण्यासाठी घरच्या बंदिस्त हौदात ठेवता येतात. अनेक नगरपालिकांचे आरोग्य विभागही त्यासाठी गप्पी वापरतात. ओढ्यात किंवा तळ्यात मात्र ते सोडू नयेत, कारण तेही परदेशी मासे आहेत आणि स्थानिक लहान माशांच्या वाट्याचे खाणे खातात.

खाद्य किती आणि पाणी किती दिवसांनी?

दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य दिवसातून एकदा किंवा दोनदा द्यावे आणि आठवड्यातून एक दिवस काहीच देऊ नये. पाणी दर आठवड्याला पाव हिस्सा बदलावे. महिन्यातून एकदा सगळी टाकी रिकामी करून घासून धुण्याची पद्धत अजूनही अनेक घरांत आहे. त्यात जीवाणूही धुऊन जातात आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. टाकीच्या काठावरून मनीप्लांटच्या मुळ्या पाण्यात सोडल्या आणि पाने बाहेर ठेवली, तर मुळ्या बरेच नायट्रेट शोषून घेतात.

मासा मेला की घरावरचे संकट त्याने स्वतःवर घेतले, असे म्हणतात. ते खरे का?

ही समजूत माझ्या आजीचीही होती, आणि मेलेल्या माशाबद्दलची कृतज्ञता तिच्यात आहे, म्हणून मी तिचा अनादर करणार नाही. परंतु या समजुतीमुळे माणूस कारण शोधायचे थांबतो आणि दुसऱ्याच दिवशी त्याच पाण्यात नवा मासा आणून सोडतो. मासा मेला की त्याला लगेच बाहेर काढावे, त्याच वेळी अमोनिया आणि नायट्राइट तपासावे, काही आढळले तर निम्मे पाणी बदलावे, आणि उरलेल्या माशांच्या अंगावर, कल्ल्यांवर काही दिसते का ते पाहावे. कारण सापडून पाणी दोन आठवडे स्थिर राहीपर्यंत नवा मासा आणू नये.

गणपतीला आठ-दहा दिवस गावी जायचे आहे. माशांचे काय?

निरोगी, पूर्ण वाढलेले मासे आठवडाभर काही न खाता सहज राहतात, तेव्हा पाच-सहा दिवसांसाठी कोणालाच सांगायची गरज नाही. निघण्याच्या दोन दिवस आधी पाव हिस्सा पाणी बदलावे, दिव्याला टायमर लावावा आणि फिल्टर व एअर पंप चालू ठेवावेत. घराचा मुख्य बटण बंद करून जाण्याच्या सवयीने अनेक टाक्या गेल्या आहेत. दहा दिवसांसाठी शेजाऱ्यांना सांगावे लागले, तर खाद्याचा डबा त्यांच्या हाती देऊ नये, कारण मायेपोटी मूठभर खाद्य पडते. एकेका वेळचे खाद्य कागदाच्या तीन लहान पुड्यांत बांधावे, प्रत्येक पुडीवर वार लिहावा, त्या टाकीच्या झाकणावर ओळीने ठेवाव्यात आणि डबा कपाटात बंद करून जावे.